इब्राहिमचाचांचं कनारचं झाड

चाचांचं झाड मार्चमध्येच तोडलं. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आज सकाळी दापोलीजवळच्या त्यांच्या गावी इब्राहिमचाचा वारले. चाचींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघत होते. शूज हातातच राहिले.

ज्यांना चाचा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

इथे बहरीनमध्ये, झिंजला आम्ही ज्या जुन्या व्हिलात भाड्याने राहतो, तिच्या मागच्या खोलीत चाचा राहायचे. एसी टेक्निशियन. तीस वर्षं लोकांची घरं गार केली, पण स्वतःच्या खोलीतला एसी कायम खडखडणारा.

विचारलं की म्हणायचे, "चालताय ना? मग झाला!"

ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खीर जायची. डबा मात्र एकच, वर्षानुवर्षं.

मी नवीन आले तेव्हा अदलियातल्या एका कॅफेबाहेर पाइनची झाडं बघून वेडी झाले होते. आपल्या दारात पाइन हवाच! नर्सरीतून कुंडी आणली, फोटो इथेच पोस्ट केला, तुम्ही लोकांनी खाली "महाबळेश्वर!" असं लिहिलंतही.

जूनमध्ये तो तांबडा पडला. जुलैत हात लावला की सुया गळायच्या.

चाचा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"बाय, हा थंडीतला पाहुणा. ह्याला ह्या भट्टीत कशाला आनलास?"

"मग काय लावू?"

"हितला झाड लाव. कनार."

कनार म्हणजे बोरीच्या जातीचं इथलं झाड. जुन्या घरांच्या अंगणात असतं. काटे असतात, शोभेचं नाही, म्हणून माझ्यासारख्या शहाण्या माणसांचं तिकडे लक्षच जात नाही.

चाचांनी रोप आणलं आणि घोळ घातला.

माणूस कोकणातला. आंब्याचं कलम जपावं तसं त्याला छान आळं केलं आणि सकाळ-संध्याकाळ झारीभर पाणी. रोप कुजलं. दुसरं आणलं, तेही कुजलं. तिसरं लावताना शेजारच्या बहरीनी आजी भिंतीवरून ओरडल्या, "खलास! खलास!" म्हणजे बस, पुरे, आणि झारीकडे बोट दाखवून कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्याला आठवड्यातून एकदाच पाणी. चाचांना ते काही केल्या जमेना. रोज सवयीने झारी भरायचे, रोपापर्यंत जायचे, थांबायचे, आणि सगळं पाणी माझ्या कढीपत्त्याला घालायचे.

"तानलेला ठेवायचा म्हंजे गुन्हा केल्यासारखा वाटता गो," म्हणायचे.

पण झाड जगलं. वाढलं. चौथ्या वर्षी बोरांसारखी फळं लागली. पहिली मूठ चाचांनी शेजारच्या आजींना दिली, दुसरी माझ्या लेकीला, सियाला.

"इट्स लाइक अ टायनी ॲपल, चाचा!"

चाचांना इंग्रजी येत नव्हतं. तरी दिवसभर खूश होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा व्हिसा रिन्यू झाला नाही. वय झालं होतं. सामान दोन बॅगांत बसलं. निघताना झाडापाशी उभे राहिले.

"बाय, तीस वर्षां काढली, पन हिता माझा म्हनायला ह्या एवढाच झाड. लक्ष ठेव."

"ठेवते, चाचा."

दर आठवड्याला व्हिडिओ कॉल. तब्येत नंतर, आधी झाड दाखव.

मार्चमध्ये घरमालकांनी मागे पार्किंग करायचं ठरवलं. मी दोनदा जाऊन विनवलं. माणूस वाईट नाही. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, शेजारी तक्रार करतात, म्हणाले. एक दिवस ऑफिसमधून आले तर कोपऱ्यात बुंधासुद्धा नव्हता. नुसती सपाट माती.

त्याच आठवड्यात चाचांना हार्ट अटॅक आला.

कसं सांगणार होते मी?

मग मी जे केलं ते आज लिहिते. माहूजला एका मैत्रिणीच्या बिल्डिंगजवळ कनार आहे. ऑफिस सुटलं की सियाला शाळेनंतरच्या क्लासवरून घ्यायचं, तिथे गाडी थांबवायची, झाडाखाली उभं राहायचं, फोन वर धरायचा.

"बघा चाचा, तुमचं झाड."

"वाढलाय गो! मस्त वाढलाय."

गाडीत बसल्यावर सिया म्हणाली, "ममा, दॅट्स नॉट हिज ट्री."

"माहितेय."

"देन व्हाय आर यू लाइंग?"

सीटबेल्ट लाव म्हटलं तिला.

असे सहा महिने. उन्हाळ्यातही. घामाने चष्मा घसरायचा, फोन तापून बंद पडायचा. दर वेळी चाचा तितक्याच आनंदाने बघायचे आणि दर वेळी मला अपराधी वाटायचं. पुढच्या आठवड्यात खरं सांगू, असं ठरवायचे. सांगितलं नाही.

आज चाची फोनवर खूप रडल्या. मग म्हणाल्या,

"बाय, त्यांना म्हाईत होता."

"काय माहीत होतं?"

"झाडाचा. पयल्याच दिशी मला म्हनाले, ह्या माझा झाड नव्हं. माझ्या झाडावर दुपारनंतर भिंतीची सावली येता, आन् ह्याच्यावर बघ कसा ऊन पडलाय. माझा तोडला वाटता."

चाची पुढे सांगत राहिल्या.

"मी म्हटला, मग तिला इचारा. तर माझ्यावरच खेकसले. म्हनाले, पोर हापिसातून दमून येता आन् माझ्यासाठी कुनाच्या तरी झाडाखाली उन्हात उभी ऱ्हाता. तिला कदी कळू देव नको."

सहा महिने मला वाटत होतं, मी चाचांना सांभाळतेय.

चाचा, निवांत जा.

तुमची बाय