लाल निशाणावरचा तास

आमचे वडील, म्हणजे आमचे दादा, प्रवासाला निघाले की पाखरं शोधत. रानात काय, कुणालाही दिसतात, असं त्यांचं म्हणणं. पुणतांब्याच्या स्टेशनात इंजिनात पाणी भरायच्या नळावर बसलेला खंड्या त्यांनीच मला दाखवला. काष्टीच्या बाजारात विकायला टांगलेल्या कंदिलावर इवलासा शिंजीर दिसला, तर कंदीलवाल्याचं गिऱ्हाईक थांबवून त्यालाही दाखवला. एसटीत शेजारी घोरणाऱ्या परक्या माणसाला हलवून उठवायलाही ते कमी करत नसत. मी लाजेनं अर्धी व्हायची.

पुढं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डाव्याचं ऑपरेशन बिघडलं आणि तो डोळा कायमचा गेला. सगळी भिस्त उजव्यावर राहिली. त्याचं ऑपरेशन बहात्तरच्या दुष्काळात नगरला झालं, आणि काही आठवड्यांनी चष्मा घ्यायला मी त्यांना पुन्हा नगरला नेलं.

जाड भिंगांचा चष्मा चढवून ते दवाखान्याबाहेर आले. मी विचारलं, "दादा, दिसतंय ना?"

"दिसतंय की."

एवढंच. तोंडावर ना हसू ना काही. स्टँडवर चहा घेतला, तर त्यांचा हात कपाच्या अलीकडेच हवेत मिटला. एसटीची पायरी चढतानाही पाय चुकला. माझं मन राखायला खोटं बोलताहेत, हा डोळाही गेला, असंच मी धरून चालले. नव्या चष्म्यानं सगळं जवळ आल्यासारखं वाटतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नेवाशाच्या गाडीत मी त्यांना खिडकीशी बसवलं खरं, पण कशाला, असं वाटून मलाच रडू येत होतं.

घोडेगावच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. उन्हात बाया-माणसं खडी फोडत बसली होती. एका काठीला लाल निशाण लावून वाट अडवली होती, म्हणून गाडी थांबली.

दादा एकदम म्हणाले, "तास!"

मी म्हटलं, "हो दादा, अजून तासभर लागेल."

कंडक्टर मागून म्हणाला, "दीड धरा बाबा. ही खडी हालल्याबिगर गाडी न्हाई हालायची."

"आरं, घड्याळाचा न्हाई!" दादा चिडले. "तास, तास! त्यो बघ, निशाणाच्या काठीवर!"

नीलकंठाला आमच्याकडं तास म्हणतात. एवढ्या ठोकाठोकीत, माणसांच्या डोक्यावर तो खुशाल बसला होता. बसलेला तास कसला मळकट दिसतो! मी समोर बघत होते तरी मला दिसला नव्हता. तेवढ्यात तो उडाला आणि त्या भुऱ्या उन्हात त्याचे पंख निळेभोर उघडले.

दादा खिडकीच्या गजाला धरून अर्धे उठले. "केवढा निळा हाय गं! मला वाटायचं, पाखरंच विटत चालल्यात. दुष्काळानं म्हन, कशानं म्हन. कुनाला बोललो न्हाई. माझाच डोळा विटला हुता व्हय!"

मी भर गाडीत रडले. मघाशी जे खोटं बोलताहेत असा मला संशय होता, ते माझ्याकडं वळून बघत होते. डॉक्टरांचे, त्या पाखराचे, गाडी अडवणाऱ्या त्या निशाणाचेसुद्धा उपकार वाटत होते मला. कुणाकुणाला हात जोडू, कळत नव्हतं.

दादा माझ्याकडं बघतच राहिले. मग चष्मा सावरून हळूच म्हणाले, "आन् पोरी, कानाजवळचं तुझं केस गं? हे कवा पांढरं झालं?"

"बाहेर बघा दादा," मी म्हटलं. पण ते माझ्याकडंच बघत राहिले.