थरथरणारी तार

आमच्या ह्यांना हलणारी वस्तू म्हणून सहन होत नाही. टेबल डुगडुगलं की आलेल्या पाहुण्यांना उठवून पायाखाली कागदाची घडी सरकवतील. स्वतः मात्र दोन मिनिटं एका जागी बसतील तर शपथ.

नोकरीही जगावेगळी. विमानामागे लांब तार सोडतात, टोकाला उपकरण बांधून. त्या तारेला वारा किती जोराने मागे ओढतो, ते हे वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे पंख्याने जोराचा वारा सोडतात त्या लांब नळीत, मोजतात. त्या आकड्यावरून विमानात तार गुंडाळलेल्या चाकाचा ब्रेक बसवायचा. ब्रेक कमी पडला तर तार सुसाट सुटणार, आणि चाकाशेजारी बसलेल्याचं काही खरं नाही. तिथे माझा धाकटा भाऊ बसतो.

त्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. वाऱ्याने दोरी गुणगुणायला लागली, तशी ह्यांनी ती सवयीने मुठीत धरली. गुणगुण थांबली आणि ह्यांचा चेहरा एकदम पांढराफटक.

"अगं, बोगद्यात तार थरथरत होती. काटा ठरेना, म्हणून मी तिला मधे दोन आधार बांधले. वर आकाशात तिला कोण धरणार? थरथरणाऱ्या तारेला वारा जास्त ओढतो."

"मग इथे काय उभे राहिलात? दहाला उड्डाण आहे त्याचं."

फोन कुणी उचलेना. हे स्कूटर काढून सुटले. मी घरभर येरझाऱ्या घालत होते. दूध उतू गेलेलंही कळलं नाही. मनात नाही नाही ते येत होतं, आणि ह्यांचा असा संताप येत होता की विचारू नका.

दुपारी दोघे बरोबरच आले. विमान धावपट्टीवरून मागे वळवलं होतं. आधार काढून घाईघाईने एकदा मोजलं, तर ओढ दीडपट भरली. साहेबांनी सगळ्यांदेखत ह्यांची खरडपट्टी काढली आणि मोजणीचं काम दुसऱ्याकडे दिलं.

जेवताना भाऊ म्हणाला, "दाजी, उद्या परत उड्डाण आहे. मी साहेबांना सांगून आलोय, आकडा तुमचा असेल तरच बसेन."

"अरे, चुकलेला आकडाही माझाच होता."

"चुकतात सगळेच. धावत येऊन 'मी चुकलो' म्हणणारे तिथे तुम्ही एकटेच आहात."

मला रडू आवरेना. हे ताट अर्धं टाकून उठले आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले; उद्याच्या आत बोगद्यात जाऊन आकडा पुन्हा नीट मोजायचा होता.