कोटाच्या आतलं यंत्र

वकीलमामांना एखादी गोष्ट सांगितली आणि ते लगेच ‘हो’ म्हणाले, की समजावं, त्यांना ती ऐकू आलेली नाही. ऐकू आली असती तर त्यांनी वाद घातला असता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मूर्तिजापूरच्या कोर्टात मात्र कोणाला कळू नये, म्हणून त्यांची अखंड खटपट चाललेली असे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. दिवाणी दावे चालवायचे. मी तेव्हा अकोल्याच्या कॉलेजात शिकवत होते आणि शनिवारी गाडीने त्यांच्याकडे जायची. यंत्रांचं त्यांना भारी वेड. मनगटावर कॅल्क्युलेटरचं घड्याळ, उशाशी इमर्जन्सी लाइट, खिशात तळहाताएवढा टेपरेकॉर्डर, आणि दाढीसाठी विजेवरचं यंत्र. नेमकी ती सगळी वर्षं भारनियमनाची. अर्धी दाढी झाली की लाइन जायची. मग मामा एका गालाने गुळगुळीत आणि एका गालाने पांढरे असे अंगणात येऊन उभे राहायचे. “लाइन द्याची नव्हती तर तारा काहून ओढल्या यायनं?” घरात वस्तरा आहे, असं मामीने सुचवलं की त्यांना आणखीच राग यायचा. यंत्र घेतलंय तर यंत्रानेच होईल, हा त्यांचा हट्ट. कोर्टाची वेळ झाली की ते तसेच निघून जात.

कानाचं यंत्र अमरावतीहून आणलं. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, तिला पेन्सिल सेल, आणि डबीतून कानापर्यंत गेलेली वायर. सकाळी चहाबरोबर ते चढे. पहिल्या दिवशी बशीवर कप ठेवल्याचा आवाज ऐकून मामा दचकले, आणि मग इतके खूश झाले की बराच वेळ कप उचलून ठेवत बसले. ती खुशी फार टिकली नाही. यंत्र शिट्टी मारायचं. मे महिन्यात घामाने बंद पडायचं. माणसाचा आवाज जेवढा मोठा करायचं तेवढाच पंख्याचा आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचाही. टेपरेकॉर्डरलाही तेच सेल लागत, त्यामुळे एकाचे काढून दुसऱ्यात घालायचे आणि मग दोन्ही धड चालत नसत. माझा शनिवार ओरडण्यात जायचा. सोमवारी वर्गात घसा बसलेला असायचा. मी चिडले की मामा शांतपणे म्हणत, “मले सगळं ऐकू येते. तुमीच हळू बोलता.”

त्याच वर्षांत कापसाने सगळ्यांची दैना केली. मामांच्या बैठकीत पूर्वी बांधाच्या भांडणाची माणसं यायची, आता बायका येऊन बसू लागल्या. सुनंदा त्यांतलीच. नवऱ्याने फवारणीचं औषध घेऊन जीव दिला होता, शेत सासऱ्याच्या नावावर होतं, आणि दीर तिला बांधावर पाय ठेवू देत नव्हते. ती पदर तोंडाशी धरून इतकी हळू बोलायची की मलासुद्धा कान द्यावा लागे. मामांनी टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवला आणि याच्याशी बोल म्हणून सांगितलं. ती गेल्यावर दुपारी ते आवाज पूर्ण मोठा करून ऐकत बसले. मामीने धावत जाऊन खिडक्या लावल्या. ऐन महत्त्वाच्या जागी सेल उतरले, टेप मंद झाली आणि सुनंदाचा आवाज जाड होत होत एखाद्या म्हाताऱ्या बाप्यासारखा झाला. मामांनी यंत्र गादीवर आपटलं. “हिचं म्हणणं धड ऐकायची बी सोय नाही,” ते म्हणाले.

सुनंदाची साक्ष लागली त्या आठवड्यात मला सुट्टी होती, म्हणून मी मामांबरोबर कोर्टात गेले. यंत्राची डबी त्यांनी नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या खिशात, काळ्या कोटाच्या आत लपवली होती. कोट डबीवर घासला की कानात नुसती खरखर होते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. डबी बाहेर लावा, असं मामी रोज सांगायची. मामा ऐकत नसत. वकिलाच्या छातीवर डबी दिसली की पक्षकार दुसरीकडे जातो, असं त्यांचं म्हणणं.

समोरच्या वकिलांनी तिला गोडीत विचारलं, नवरा जिवंत असताना तुम्ही वेगळेच निघाले होते ना? सुनंदा म्हणाली, हो. तिला म्हणायचं होतं, चूल वेगळी होती. शेताची वाटणी झालीच नव्हती. पण नुसतं ‘हो’ लिहिलं गेलं, आणि नवऱ्याने आपला हिस्सा आधीच घेतला होता, हे दिरांचं म्हणणं त्या एका शब्दाने पक्कं झालं. हे सावरायला मामांनी फेरतपासणीत, म्हणजे आपल्या साक्षीदाराला पुन्हा विचारायच्या वेळी, एकच प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं. न्यायाधीशांनी विचारलं, काही विचारायचंय का? तिचं ‘हो’ कोटाच्या खरखरीत बुडालं होतं; मामांनी मान हलवून नाही म्हटलं. मागच्या बाकावरून मी काय करणार होते?

बाहेर व्हरांड्यात सुनंदा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तोंडावरचा पदर तिने बाजूला केला आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, “साहेब, तुमी काहून काही बोलले नाही?”

मामांना सगळं स्पष्ट ऐकू आलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नझमाला बोलावून घेतलं. नझमा नवी वकील. तिच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं, आणि तिचा आवाज खणखणीत होता. एरवी ती कोर्टात फार मोठ्याने बोलते, अशी मामांची तक्रार असे.

दुसऱ्या दिवशी मामा कोर्टात गेले ते डबी कोटावर, गळ्यात दोरीने अडकवून. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज दिला आणि कारण उभं राहून सांगितलं. “काल मला ऐकू आलं नाही. चूक माझ्या कानाची आहे, या बाईची नाही. पुढचं काम या वकीलबाई पाहतील.” मागे कोणीतरी हसलं. तेही त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांची मान ताठ झाली. अर्ज मंजूर झाला. नझमाने तो एक प्रश्न विचारला, आणि चूल वेगळी पण शेत एकत्रच, हे कागदावर आणलं. त्यानंतर मामांनी कोट घातला नाही.

सुनंदाच्या बाजूने निकाल लागायलाही पुष्कळ काळ गेला, आणि लागल्यावर दिरांनी अपील केलं. मामा नझमाला रोज गाठून तारीख विचारत आणि रोज चिडत. वकिली सुटल्यामुळे ते शांत झाले असतील असं कोणाला वाटत असेल, तर ते खोटं आहे. उलट, आता भांडायला हक्काची जागा उरली नाही म्हणून ते घरातच भांडत. सुनंदा मात्र दर तारखेनंतर येऊन त्यांना सगळं सांगून जाई, त्यांच्या कानाशी, मोठ्याने. बोलणं संपेपर्यंत ते तिला मध्ये तोडत नसत. एवढा मान त्यांनी आमच्यापैकी कोणालाच दिला नाही.

मामा उन्हाळ्यात गेले. अंगणात माणसं जमली होती, सगळे कुजबुजत बोलत होते. सुनंदा एसटीने आली. त्यांच्या उशाशी बसली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “साहेब, अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात हाये. मी कोर्टात जाऊन राहिली.”

कोणीतरी तिला हळू बोलायला सांगू लागलं. मामीने हात वर केला आणि म्हणाली, “बोलू द्या तिले.”