तळव्यावरचे पाणी

आमच्या ह्यांची उजवी बाजू गेली तेव्हा आम्ही दहिवलीला होतो. कर्जतहून आलेले डॉक्टर म्हणाले, "हात धडधाकट आहे. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, आता तिथून हाताला हुकूमच येत नाही. डाव्या हाताला जेवायला शिकवा."

मी लगेच दिवस आखला. सकाळी तेल, मग पाय वाकवणे, उन्हे कलल्यावर खांबाला धरून उभे राहणे. हे सगळे ह्यांनी निमूट करू दिले. ताट मात्र परत जाई. जेवणाआधी उजव्या तळव्यावर पाणी घेऊन आपोशन करायचे, मगच घास, असा ह्यांचा जन्माचा नेम. तो तळवा आता मुठीत वळला होता. आपोशन नाही तर अन्न नाही. डाव्या हाताने नाही, माझ्या हातानेही नाही. चार घोट दूध तेवढे पोटात जाई.

ह्यांच्या थोरल्या बहीण आमच्याकडेच असत. त्या म्हणाल्या, "अरे, आजाऱ्याला कसलं आलंय आपोशन? देव काय तुझ्या ताटात डोकावतोय?"

"तू... जेव," हे जड जिभेने म्हणाले.

"मी जेवले. तुझ्या वाटची भाकरीसुद्धा!"

हे हसले नाहीत. गळ्याची हाडे वर आली होती. धोतर कमरेवर ठरत नव्हते. मी रागावले, पाया पडले, मुलीची शपथ घातली. शेवटी डाव्या हाताचा नाद सोडला आणि ती मूठच धरली. हात कोमट पाण्यात बुडवायचा, एकेक बोट सोडवायचे, तळवा पाटावर दाबून ठेवायचा. मी सोडले की बोटे पुन्हा मिटत. "उघड गं बाई, उघड," असे मी त्या मुठीला विनवी, आणि नणंदबाई तोंड फिरवत. पुढे पुढे ह्यांना उठवून बसवले तरी घेरी येऊ लागली. आता हे हातचे जाणार, असे मी मनाशी धरले.

एका दुपारी बोटे जराशी ढिली राहिली. मी घाईघाईने पळीभर पाणी ओतले. बहुतेक मनगटावरून ओघळले, खळग्यात थेंबभर उरले. ह्यांनी डाव्या हाताने मनगट धरून ते ओठांशी नेले, चाटले, आणि माझ्याकडे बघून तोंड उघडले.

"अगं, बघत काय बसलीस? भरव!" नणंदबाई ओरडल्या.

मी वरणभात कालवून भरवला. निम्मा हनुवटीवर आला. दुसऱ्या दिवशी मूठ पहिल्यासारखीच घट्ट होती. मी पाणी तापत ठेवले.