जागल्या नावाची पेटी

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरातल्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन एका सरकारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. मुलांनी बिघडवलेले मीटर दुरुस्त करायचे आणि पुन्हा बिघडवायला त्यांच्या हातात द्यायचे, एवढंच माझं काम. पगार वेळेवर मिळे, तक्रार काही नव्हती. पण संध्याकाळी सायकलवरून घरी येताना रोज वाटायचं, की मी शिकले ते याच्यासाठी नक्कीच नाही.

प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. दादानं तिथं लहानसं घर बांधलं होतं; आई आणि मी तिथंच राहायचो. तो बँकेत होता. वहिनी काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी, बी. ए. झालेली. तिला कुणाशीही, कशावरही बोलता यायचं. भाजीवाली आमच्या दारात अर्धा तास थांबे, ती भाजी विकायला नव्हे, वहिनीशी बोलायला. स्वयंपाक आटोपला की वहिनीला दुपार खायला उठायची.

एका एप्रिलमध्ये मी तिच्यासोबत तिच्या माहेरी गेले. बागेत गेलो तर तिचे बाबा विहिरीच्या काठावर बसलेले. मोटर जळाली होती. संत्र्याच्या आंब्या बहाराची बारकी फळं झाडावर धरलेली, ऊन मी म्हणत होतं, आणि पाणी बंद. पिकायच्या आधीच गळून पडलेली हिरवी फळं बुडाशी दिसत होती.

"कशी जळाली?" मी विचारलं.

"एक फेज गेला. आम्ही झोपलो होतो," ते म्हणाले. "तीन फेजची मोटर हाय पोरी. एक गेला तरी थे दोनावर ओढत राह्यते. गुणगुणते, तापते, अन् जळते. कोणी बाजूले बसून असलं तं बंद करन. पण रोज जागलीले कोण बसन?"

"फेज गेल्याबरोबर मोटर आपोआप बंद झाली तर?"

"तसं यंत्र कारखान्यात असते म्हणते. आमच्यासारख्याले कोण देते?"

"मी करते," मी म्हणाले.

बोलून गेले खरी. वहिनीनं माझ्याकडे वळून पाहिलं. ती हसली नाही, हे मला अजून आठवतं. परतताना एसटीत तिनं गंभीरपणे विचारलं, "ताई, त्याले सामान काय काय लागन?"

समोरच्या खोलीत माझं टेबल लागलं. सुटीच्या दिवशी सीताबर्डीतून ट्रान्झिस्टर, रिले, तारा आणायच्या आणि रोज संध्याकाळी जोडत बसायचं. पेटीचं काम साधं ठरवलं होतं: तिन्ही तारांमध्ये वीज आहे का ते बघायचं, एकीतली गेली की स्टार्टर पाडायचा, म्हणजे मोटर बंद. टेबलावर पेटी शहाण्या मुलीसारखी वागली. तार काढली की खट्‌ करून पडायची. आम्ही दोघींनी ती नेऊन बाबांच्या विहिरीवर बसवली आणि पुरणपोळी खाऊन परत आलो.

काही आठवड्यांनी बाबा स्वतःच नागपूरला आले. पायरीवर चपला काढल्या आणि पिशवीतून पेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मोटर पुन्हा जळली पोरी."

वहिनी चहा टाकायला आत निघाली होती, ती दारातच थांबली.

"फेज गेला होता का?" कसंबसं मी विचारलं.

"गेला होता. तुही पेटी जागची हालली नाही." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "जळली तं जळली. वाइंडिंगवाला नव्या तारा भरून देईन. पण हे काहून पडली नाही, थे शोध. टेबलावर पडते अन् विहिरीवर पडत नाही, म्हणजे काहीतरी हाय ना तिथं?"

चहा पिऊन ते गेले. पेटी मात्र ठेवून गेले. एवढं नुकसान होऊनही माणूस ती परत देतो, 'सुधार' म्हणतो, याच्याइतकी मोठी शाबासकी मला कॉलेजात कधी मिळाली नव्हती.

टेबलावर मोटर जोडलेली नव्हती, विहिरीवर होती; म्हणून आता चालती मोटर पाहिजे होती आणि घरात तीन फेज नव्हते. वहिनीनंच तोड काढली. आमच्या गल्लीच्या टोकाला आटाचक्की होती. दुपारी तिथं गिऱ्हाईक नसे. चक्कीवाले काका आधी घाबरले.

"बाई, माही मोटर जळली तं?"

"तं भरून देऊ," वहिनी म्हणाली. "अन् नाही जळली, तं पुढं कधीच जळनार नाही."

मोटर चालू केली. मी तिन्ही तारांना मीटर लावले आणि काकांना एक फ्यूज ओढायला सांगितला. त्यांनी ओढला. मोटर गुणगुणायला लागली, पण फिरत राहिली. आणि ज्या तारेतली वीज गेली होती, तिच्या मीटरचा काटा जरासाच खाली आला! मला वाटलं, मीटरच बिघडलाय. दुसरा लावला, तोही तेच सांगत होता. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फिरणारी मोटर स्वतःच त्या मेलेल्या तारेत वीज तयार करत होती. माझी पेटी विचारायची, 'वीज आहे का?' आणि मोटर तिला खोटंच सांगायची, 'आहे'.

"काका, बंद करा! बंद करा!" मी ओरडले, आणि हसत सुटले. काकांना वाटलं, मला शॉक बसला.

उपायही त्या जरा खाली आलेल्या काट्यातच होता. वीज आहे की नाही हे विचारायचंच नाही. तिन्ही तारा सारख्या आहेत का, हे विचारायचं. मोटर मेलेल्या तारेत वीज भरत असली, तरी ती इतर दोघींच्या तोडीची कधीच नसते. एवढा फरक ओळखणारी जोडणी मी नव्यानं बसवली. ती बसवायला मला अख्खा पावसाळा लागला. पुन्हा चक्कीत गेलो. काकांनी फ्यूज ओढला, आणि मोटर कण्हायच्या आधीच स्टार्टर खट्‌ करून पडला. त्यांनी दुसरा ओढून पाहिला, मग तिसरा. प्रत्येक वेळी खट्‌.

मी पेटीचे स्क्रू सोडायला पेचकस काढला तर काका मध्ये उभे राहिले. "आता हे काढू नका. याचे पैसे सांगा."

आमची पहिली विक्री. त्या दिवशी वहिनी आणि मी घरी न जाता सरळ पाणीपुरीच्या गाडीवर गेलो.

विकणं म्हणजे आता फक्त दुकानात नेऊन ठेवणं, असा माझा समज होता. सीताबर्डीतल्या एका मोठ्या विजेच्या दुकानात गेलो. शेठजींनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

"मॅडम, पंखा फिरतो, बल्ब लागतो. ये क्या करता है?"

"एरवी काही करत नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "वेळ आली तरच करते."

"तो फिर वेळ आल्यावर या," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी रडकुंडीला आले. व्हरायटी चौकातून चालताना वहिनी मात्र वेगळ्याच विचारात होती.

"ताई, शेठचं काही चुकलं नाही. चूक आपली हाय. दुकानात ठेवून हे कोणाले समजन? विहिरीवर गेलं पायजे. अन् आधी याचं नाव बदला."

पेटीवर मी इंग्रजीत लांबलचक तांत्रिक नाव रंगवलं होतं आणि ते मला फार आवडायचं.

"हे नाव माह्या बाबाले वाचता येत नाही. वाचून दाखवलं तं समजत नाही. शेतात जागलीले बसते त्याले काय म्हणते? जागल्या. तेच लिहा."

नाव मला फार गावठी वाटलं. दोन दिवस मी कुरकुर केली, मग रंगाचा डबा उघडला.

वहिनीनं पहिला प्रयोग माहेरच्या गावीच ठरवला, पण बाबांच्या विहिरीवर नाही. "स्वतःच्या पोरीले कोणीही चांगलंच म्हणते," ती म्हणाली. गावात सगळ्यांत जास्त शंका काढणारा जो बागायतदार होता, त्याच्या विहिरीवर आम्ही गेलो. निम्मं गाव जमलं. मी पेटी जोडली, मोटर सुरू झाली, पाटात पाणी पडायला लागलं. वहिनीनं पदर खोचला, शॉक नको म्हणून लाकडी पाटावर उभी राहिली आणि फ्यूजला हात घातला.

"अवं बाई! काय करून राहिली? जळन ना मोटर!" मालक धावला.

"जळू द्या की भाऊ. तुम्हीच तं म्हणत होते, पेटी खोटी हाय."

तिनं फ्यूज ओढला. खट्‌. पाणी थांबलं. मालकानं मोटरवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाला, "मोटर थंडी हाय."

तो शब्द मग गावोगाव गेला. पुढच्या हंगामात बाजाराच्या दिवशी गावातल्या विहिरीवर आम्ही पोचायच्या आतच लोक फ्यूज ओढायला रांगेत उभे असत.

पण तालुक्याच्या गावातला मोटर भरणारा मेकॅनिक आमच्या वाइटावर होता. 'या पेटीनं मोटर लवकर जळते' असं तो लोकांना सांगू लागला आणि लोक त्याचं ऐकत. मी म्हटलं, त्याला टाळू. वहिनी सरळ त्याच्या दुकानात गेली, जळालेल्या मोटरींच्या ढिगाजवळचं स्टूल ओढून बसली.

"भाऊ, उन्हाळ्यात मोटरी वेळेवर भरून होते का तुमच्याच्यानं?"

"कुठून होते? लोकं दारात बसून शिव्या देते."

"म्हणजे तुम्ही शिव्या खाऊन कमावून राहिले. आमचा जागल्या तुम्ही बसवून द्या. बसवायची मजुरी तुमची, विक्रीतला वाटा तुमचा. अन् लोकं चहा पाजतीन, थो वेगळा."

तो आधी हसला, मग विचारात पडला, मग म्हणाला, "फ्यूज मी ओढीन." त्यानं आपल्याच दुकानातल्या मोटरीवर करून पाहिलं. पुढं आजूबाजूच्या गावांत आमच्या जितक्या पेट्या लागल्या, त्यांतल्या बहुतेक त्याच्या हातच्या. मोटरी भरायचं त्याचं काम थांबलं नाही, पण एप्रिल-मेमध्ये तो दुपारी जेवायला घरी जाऊ लागला, हे त्याच्या बायकोनं वहिनीला सांगितलं.

मागणी वाढली तेव्हा मी नोकरी सोडली. आई म्हणाली, "सरकारी पगार कोणी सोडते काय?" दादानं आपली स्कूटर अंगणात काढली आणि तिची जागा आम्हाला दिली. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी कामाला येऊ लागल्या. रंग पाहून टाके मोजणारे, स्वेटर विणणारे हात ते; सोल्डरिंग, म्हणजे कथलानं तारा जोडणं, मी त्यांना शिकवलं आणि महिनाभरात त्यांचे सांधे माझ्यापेक्षा सुबक होऊ लागले. प्रत्येक पेटी बाहेर जाण्याआधी चक्कीत जायची. काकांनी फ्यूज ओढून पास केल्याशिवाय ती आम्ही विकली नाही.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली, त्या वर्षीची गोष्ट. अमरावतीचे एक व्यापारी मोठी मागणी घेऊन घरी आले. दादा व्हरांड्यात पेपर वाचत होता. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि पिशवीतून कागद काढायला लागले.

"साहेब, जागल्याची एजन्सी पाहिजे होती."

दादानं पेपरची घडी केली. "साहेब आत आहेत. दोघी आहेत. मी एकीचा भाऊ अन् एकीचा नवरा. बसा, पाणी आणतो."

आत वहिनी आणि मी नव्या शेडसाठी पाटीवर काय लिहायचं यावर भांडत होतो. दादाचं बोलणं ऐकून भांडण तिथंच सोडलं. वहिनीनं केस सारखे केले, मी हाताला लागलेलं सोल्डर पुसलं, आणि आम्ही बाहेर गेलो.