दोष जॉयस्टिकचा

गेल्या रविवारी दुपारी भंडाऱ्यातल्या एका गेमिंग पार्लरमध्ये एका गृहस्थाने शत्रू दिसण्याआधीच स्वतःचे लढाऊ विमान पाडले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. त्याचे नाव मला माहीत नाही. तो दर रविवारी स्वतःची जॉयस्टिक टॉवेलात गुंडाळून आणतो, टेबलाला कसतो आणि विमान कसे उडवावे हे इतरांना ऐकवतो. त्या दिवशी आपली उस्तादी दाखवायला त्याने सानगडीहून साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, मुद्दाम बोलावले होते.

विमानाचे नाक वर धरून ठेवणारी ट्रिम त्याने उड्डाणाआधीच शेवटपर्यंत फिरवली. "आता स्टिक ओढाचं कामच नाही," तो म्हणाला. वेग वाढला तसे विमान सरळ उभेच झाले.

"भाऊजी, हे आभाळाकडे काहून पाहून राहिलं?"

"तुले नाही समजत. ट्रिम म्हणतात याले."

वेग संपला आणि विमान दगडासारखे खाली आले.

जॉयस्टिक खराब आहे, असे जाहीर करून त्याने सेटिंगमध्ये तिची दिशा उलटी केली; आता ती ओढली की नाक वर नव्हे, खाली जाणार होते. ट्रिमला हात लावला नाही. दुसऱ्या खेपेस त्याने स्टिक ओढताच विमानाने धावपट्टीवरच नाक घासले.

"भाऊजी, हे तं नांगरून राहिलं जी," साळा म्हणाला. "धानाचे पऱ्हे टाकू का?"

या रविवारी तो एकटाच आला. टॉवेलात नवी जॉयस्टिक होती. ट्रिम त्याने पुन्हा शेवटपर्यंत फिरवली.