एकदा म्हणजे हो

आई कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं. शिलाई मशीन खिडकीशी आणि त्याला लागूनच बाबांची खाट. बाबा एका सात मजली ऑफिसात लिफ्टमन होते. अठ्ठावीस वर्षं लोकांना वरखाली करत होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली, हातपाय गेले. राहिलं ते उजव्या हाताचं पहिलं बोट. ते मधूनच हलायचं.

"बटणं दाबायचं बोट आहे ते, गप्प कसं बसेल?" आई म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी कायदा करून मोकळी झाली. एकदा हललं म्हणजे हो, दोनदा हललं म्हणजे नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं की ते आपोआप हलतं, त्यात अर्थ शोधू नका. आईने मान डोलावली आणि घरी येऊन बाबांना विचारलं, डॉक्टर बरोबर सांगतोय का? बोट दोनदा हललं. झालं.

मग त्या बोटाला विचारल्याशिवाय घरातलं पान हलेना. पडद्याचा रंगसुद्धा त्यानेच ठरवला. उत्तर मनाजोगं नसलं, की नीट ऐकू गेलं नसेल म्हणून आई पुन्हा विचारायची. तीनदा हललं तर पहिली उचकी म्हणून सोडून द्यायची. मी हसायचे. मला बढती मिळून दुसऱ्या शहरात जायची वेळ आली, तोवर.

"पोरीला जाऊ देऊ ना हो?" आईने विचारलं. बोट दोनदा हललं. त्या दिवशी मात्र तिने पुन्हा विचारलं नाही.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. पेशी मोजणं हेच माझं काम. आठ दिवस मी ते बोट मोजलं. प्रश्न विचारा, न विचारा, ते तितकंच हलत होतं. झोपेतही. वही घेऊन आईकडे गेले, तर ती बाबांना कुणा गिऱ्हाइकाच्या भर ऑफिसात उसवलेल्या पँटची गोष्ट सांगत होती. सांगून स्वतःच हसली आणि त्यांच्या बोटाकडे बघत थांबली. धडधाकट असताना बाबा तिच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. वही मी पर्समध्ये ठेवली आणि बढती नाकारली.

राग मात्र बाबांवर काढला. बोटाला काही कळत नाही हे शोधून काढणारी मीच, आणि रुसले ती त्याच बोटावर. पुढची दोन वर्षं मी त्यांचं अंग पुसलं, कूस बदलली, नळीतून पातळ भरवलं; बोलले एक शब्द नाही. सांगतानाही लाज वाटते.

एका दुपारी आई कपडे पोचवायला गेली होती आणि बाबांचा श्वास अडखळायला लागला. शेजारणीला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि मी खाटेशी बसले. काही सुचेना.

"बाबा, मला माफ केलंत ना?"

बोट हललं. एकदा.

मी झटकन ते मुठीत घट्ट धरलं. आई आली तेव्हा सगळं संपलं होतं. माझी मूठ तिनेच सोडवली आणि विचारलं, काही म्हणाले का. हो म्हणाले, मी सांगितलं.

मुठीत ते आणखी एकदा हललं होतं. ते मी मोजलं नाही.